उन्हाच्या दिव्याची लाली

भानामती, मूठ, नजर... असा विषय निघाला की मी उठून जाणारा माणूस. शाळामास्तर होतो मी. तरी हे लिहितोय, कारण जे पाहिलं ते पाहिलंच.

लढाईचे दिवस. आम्ही चिचगडला राहायचो. माझी धाकटी लेक यमुना — तिच्या मानेवर कातडीचा क्षय झाला होता. जखम गालाकडे सरकत होती. वैदू झाले, मलमं झाली. शेवटी कळलं, गोंदियाच्या एका डॉक्टरांकडे ‘उन्हाचा दिवा’ आहे — अतिनील किरणांचा. माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायको गोदा घरीच थांबली. मी यमुनेला घेऊन गोंदियाच्या धर्मशाळेत उतरलो.

डॉक्टर बंगाली, हिंदीतून बोलायचे. आधी चाचणी. छोट्या चौकोनी खिडक्या कापलेला काळा कागद त्यांनी यमुनेच्या हातावर बांधला. प्रत्येक खिडकी आधीच्यापेक्षा थोडा जास्त वेळ दिव्याखाली ठेवली.

“कल तक लाली आएगी. कितनी आती है, उसी से डोस तय होगा.”

दुसऱ्या दिवशी हात कोरा! वेळ वाढवला, तरी कोरा. डॉक्टरांनी स्वतःचा हात दिव्याखाली धरला, तो मात्र लालबुंद झाला. म्हणजे दिवा ठीक होता. माझा धीरच सुटला. हाही उपाय गेला... आता पोर हातची जाणार.

यमुनेला धर्मशाळेतल्या एका ओळखीच्या बाईंजवळ ठेवून मी तांदूळ आणायला गावी गेलो. गोदानं पाण्याचा लोटा पुढे केला आणि मी तो घ्यायचाच विसरलो. तिच्या हातावर ओळीनं लाल चौकोन — पहिला फिकट, शेवटचा गडद.

“हे काय झालं वं? चुलीचा चटका लागला?”

“चुलीचे चटके असे चौकोनी रायतेत का?” तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. “तिथं माह्या पोरीले काय करून राहिले तुमी?”

मी सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. पण ती म्हणाली, “मंग थांबवू नका. मले भाजू द्या.”

डॉक्टरांना मी काय सांगणार? त्यांनी बेताबेतानं मानेवर दिवा सुरू केला. यमुनेला लाली येईना, पण जखमेच्या कडा सुकू लागल्या. पुढच्या खेपेला घरी गेलो, तर गोदाच्या मानेवर फोड. पदरसुद्धा टेकवत नव्हता तिला. मला बघवेना. शेजारणीला आईपाशी बसवून मी गोदाला जबरदस्तीनं गोंदियाला आणलं.

डॉक्टरांनी तिची मान पाहिली. “यह तो लैंप का जला है. किसने दिया?”

मी सांगितलं. ते हसले नाहीत. गोदाला यमुनेशेजारी बसवून त्यांनी पुन्हा तोच कागद यमुनेच्या हातावर बांधला.

सकाळी यमुना रडतच उठली. चौकोन तिच्या हातावर उमटले होते. गोदाच्या हातावर नवं काहीच नव्हतं — पुढेही कधी उमटलं नाही. उपचार चालले, यमुनेची कातडी दर वेळी भाजली, सोलली. जखम भरली, पोर वाचली.

“मालूम नहीं, मास्टरजी,” डॉक्टर एवढंच म्हणाले. मलाही आजवर उलगडा झालेला नाही. गोदाला तो नकोच होता. त्या सकाळी मी डॉक्टरांपुढे हात जोडून उभा होतो, आणि ती यमुनेच्या हातावर फुंकर घालत माझ्याकडे न बघता म्हणाली,

“मले कायले आणलं तुमी? मी तिथं होती तेच बरं होतं.”