बूस्टर आमच्या घरी होता

तुमच्या टीव्हीवर चित्र दिसतं तेव्हा केबलच्या डब्यासाठी वीज कुणाच्या घरची जळते, हे तुम्ही कधी विचारलंत का?

सातपूरला आमच्या गल्लीत केबल आली, तेव्हा सिग्नल पुढच्या घरांपर्यंत ढकलणारा बूस्टर स्वतःकडे लावून घ्यायला कुणी तयार नव्हतं. केबलवाल्याने आईला गाठलं. "ताई, डबा तुमच्याकडे लावा, कनेक्शन फुकट." वडील कारखान्यातल्या युनियनचे, मी अक्षरं त्यांच्या पत्रकांवर शिकलो. ते म्हणाले, "आता हा आपल्या भिंतीचा मालक." पण आईला मालिका बघायच्या होत्या. डबा भिंतीवर चढला. आमचं बटण बंद झालं की पुढच्या सगळ्या घरांत पडद्यावर मुंग्या.

वडील गेले ते क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या सकाळी. मयत उचलेपर्यंत टीव्ही लावायचा नाही, ही गल्लीची रीत. आईने उठून डब्याचं बटण बंद केलं. "ह्यांना जाईपर्यंत शांतता हवी," म्हणाली. त्या दिवशी तिने दुसरं काही मागितलं नाही.

कळवणहून आत्या यायची होती म्हणून सगळे थांबलेले. दुपारी शेजारचे काका आले, वडिलांच्या पाया पडले आणि माझ्या कानाशी वाकले.

"बाळा, आत्याला अजून वेळ आहे ना? तोवर ते बटण..."

"काका, आणि रीत?"

"आवाज बंद ठेवतो रे. नुसतं चित्र."

डोळ्याला पदर लावून बसलेली एक काकू म्हणाली, "गेलेल्या माणसाला काय क्रिकेटचं वावडं? वहिनी तर बटणावरच बसल्यात!"

दाराशी कुणीतरी हसलं.

आत्या आली. तिरडी बांधायची वेळ झाली. पुरुष आपापल्या उंबऱ्यावर उभे, हाताची घडी घालून. कुणी बांबूला हात लावेना. ज्यांच्या पगारवाढीसाठी वडील गेटवर उन्हात उभे राहिले, तेच हे हात.

आई उठली. कुणाकडे न बघता तिने बटण दाबलं. डबा घुमू लागला. लगेच माणसं आली. दोरी आवळताना त्यातला एक समोरच्या खिडकीकडे ओरडला, "किती झाले रे?"

स्मशानातून परतलो तेव्हा आई त्या डब्याखाली बसली होती. एकटी. बायका सामना बघायला गेल्या होत्या.

तुमच्या गल्लीतही कुणाच्या तरी भिंतीवर असा डबा आहे. आज जाऊन ते घर शोधा. त्या घरात कुणी वारलं, तर तिथल्या बाईला बटणासाठी उठावं लागण्याआधी आपला टीव्ही स्वतः बंद करा, आणि तिरडीला हात लावा.