धरमपुरीची दुसरी दवंडी

नावाड्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या आणि मी चमकलो. बायको सांगत होती, त्याने रोजचीच अफू घेतली. अफूने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. याच्या बाहुल्यांनी सगळा डोळा व्यापला होता. तोंड कोरडं, अंग तापलेलं, हाताने हवेतलं काहीतरी वेचत होता. ही लक्षणं धोतऱ्याची. वजन वाढवायला कुणीतरी अफूत धोतऱ्याचं बी वाटून घातलं होतं.

मी तेव्हा धार संस्थानात, धरमपुरीच्या डिस्पेन्सरीत हॉस्पिटल असिस्टंट होतो. अफू तिथे घरोघर. सरकारी ठेक्याच्या दुकानातून थोडी घेऊन जवळ ठेवायला मुभा होती. पण नर्मदेपलीकडून नावेने चोरटी यायची, ती स्वस्त; नावाड्याने खाल्ली ती हीच. शेतावर जाणाऱ्या आया तान्ह्याला तिचीच बाळगोळी चाटवून निजवायच्या. नावाडी धिप्पाड होता, निभावला. तान्ह्याचं काय होणार, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

तालुक्याचा कारभार कमाविसदार दाजीसाहेबांकडे. त्यांना म्हटलं, लोकांना सावध करा. त्यांनी तडक दवंडी पिटवली. चोरटी अफू विषारी आहे, ती कचेरीत जमा करा, घरात सापडली तर कैद, घराची झडती, माल जप्त. विषाचं एक वाक्य आणि बाकी सगळी सरकारची भीती. शिक्षेचं गाळा, असं मी विनवलं. गुन्हा तो गुन्हा, म्हणाले. कचेरीकडे चिटपाखरू फिरकलं नाही.

मग केसर आली. मजुरी करणारी बाई, कडेवर मूल, मागे सासू. मुलाला झटके येत होते आणि बाहुल्या तशाच मोठ्या. अफू कुठली विचारलं, तर ठेक्याची, अशी तिने नर्मदामाईची शपथ घेतली. दुकानाच्या मालातच धोतरा असेल तर अख्खा तालुका गेला. पोट रिकामं करायचं औषध दिलं, अंगावर ओली फडकी घातली आणि सासूला बाजूला घेऊन दरडावलं.

ती खालच्या आवाजात म्हणाली, "साब, सिपाही घर देखता. तो दोई अफीम एक में मिलई दी. अबे कुण पिछाणे?"

सगळ्या मोहल्ल्याने तेच केलं होतं. शिपायाला ओळखू येऊ नये म्हणून चोरटी अफू ठेक्याच्या अफूत मळून टाकली होती. आता ती आईलाही ओळखू येणार नव्हती. त्या सकाळी किती मुलांना गोळी चाटवली असेल, या विचाराने मी घाबरलो.

धावत कचेरी गाठली. म्हटलं, आता दुसरी दवंडी द्या. घरातली सगळी अफू, ठेक्याचीसुद्धा, उकिरड्यात टाका, कुणी काही विचारणार नाही.

दाजीसाहेब म्हणाले, "चोरांना सोडलं म्हणून दरबार मला धारेवर धरील, डॉक्टर."

"तुमच्या नातवाला कुठली गोळी देतात?"

"ठेक्याची. दाई आणते, तिच्या घरून..."

ते बोलता बोलता थांबले. जोडे न घालताच शेजारच्या आपल्या घरात गेले. परत आले तेव्हा नातू खांद्यावर होता, टक्क जागा, भोकाड पसरून रडणारा. गोळीची वेळ अजून व्हायची होती. दाजीसाहेबांनी दवंडीवाल्याला स्वतः हाक मारली.

या खेपेस लोकांनी ऐकलं. उकिरड्यांवर अफूच्या डब्याच रिकाम्या झाल्या. पुढे आणखी मुलं आली, पण झटक्यांपर्यंत गेलेलं एकही नव्हतं. केसरचं मूल दुसऱ्या सकाळी अंगावर प्यायलं. मी सुटलो, असं वाटलं.

मुलाला पाठीला बांधता बांधता केसरने विचारलं, "अबे इके कई दूं, साब? खेत तो जाणो है."

मी कपाट उघडलं, बाटल्या चाळल्या आणि पुन्हा बंद केलं. मुलाला काय देऊ नये, ते आम्ही गावभर ढोल वाजवून सांगितलं होतं. पण आई, सासू दोघी शेतावर गेल्यावर मूल सांभाळायचं कुणी, हे दोन्ही दवंड्यांत नव्हतं.