मावशी – अ, मावशी – ब

एका दुपारी मी सव्वीस वेळा 'आज पहाटे' म्हणत असे. महिन्याचा दुसरा शनिवार त्यासाठी ठरलेला होता. नवरा कामावर, मुलगी क्लासला, आणि नेरूळच्या आमच्या घराची पुढची खोली माझ्या एकटीच्या ताब्यात. सोफा सरकवायचा, खिडकीला फिकट पडदा लावायचा, फोन स्टँडवर, आवाज नको म्हणून पंखा बंद. खुर्चीच्या पाठीवर सहा ओढण्या टाकलेल्या. दर चार-पाच व्हिडिओंनंतर ओढणी बदलायची, केस कधी बांधायचे, कधी सोडायचे, की झाला नवा दिवस. मग कॅमेऱ्याकडे बघून हसायचं आणि म्हणायचं, "जय ख्रिस्त. आज पहाटे प्रार्थनेला बसले असताना प्रभूने माझ्या मनात एक गोष्ट घातली." घड्याळात तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असत आणि कुर्ता घामाने पाठीला चिकटलेला असे.

हे मला कुणी शिकवलं नाही. तळोज्याच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते. कुठली बॅच कधी लावायची, कुठला ड्रम कुठे जाणार, सगळं महिनाभर आधी कागदावर. माल तयार व्हायच्या आधीच लेबलंसुद्धा छापून ठेवलेली असत, पासची वेगळी आणि फेलची वेगळी. मुलीच्या दहावीसाठी नोकरी सोडली आणि रोज सकाळी तीन मिनिटांचं बायबलमधलं वचन आणि प्रार्थना असं चॅनल सुरू केलं. पहिले चार महिने मी खरोखरच पहाटे उठून बोलत होते. कधी आवाज बसलेला, कधी लाइट गेलेली, कधी काही म्हणजे काही सुचायचं नाही. शेवटी मेटाकुटीला आले आणि कारखान्यातली शीट पुन्हा काढली. तारीख, वचन, विषय, ओढणीचा रंग. अपलोड झालं की चौकोन हिरवा. व्हिडिओ रविवार सोडून रोज सकाळी सहाला आपोआप लागायचा. मी तेव्हा घोरत असायची.

वाईट वाटायचं का? खरं सांगते, नाही वाटायचं. उलट मला आळशी लोकांचा राग यायचा, जे 'आत्म्याने सुचवलं की बोलू' म्हणून आठवडे घालवतात. आमच्या चर्चच्या पाळकांनी एका रविवारी उपासनेनंतर माझ्या शिस्तीचं कौतुक केलं तेव्हा मी वरकरणी मान खाली घातली, पण आतून चांगली फुगले होते.

लोक प्रार्थनेसाठी विनंत्या पाठवत. चॅनलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पंधरा-वीस व्हॉइस मेसेज यायचे. कुणाचा मुलगा नापास, कुणाचं लग्न जमत नाही. सगळे ऐकत बसले तर स्वयंपाक कधी करणार, म्हणून मी एक उत्तर तयार करून ठेवलं होतं. 'आमेन, आम्ही प्रार्थना करत आहोत', आणि पुढे जोडलेले हात. मेसेज आला की उत्तर गेलं.

त्या ग्रुपवर तळवलीच्या मावशी होत्या. माझ्या सख्ख्या नव्हेत, सगळ्यांच्याच मावशी. उभा जन्म घणसोलीच्या बाजारात सुकी मासळी विकली, नवरा गेल्यावर शेजारणीबरोबर आमच्या मंडळीत यायला लागल्या आणि तिथेच रमल्या. घरात मुलगा-सून आपले देव मानत, मावशी आपला प्रभू, भांडण नव्हतं. लिहिणं-वाचणं बेताचं. माझा व्हिडिओ सकाळी सहाला लावायचा आणि मग चहा, हा त्यांचा नेम होता. "तू बोलतेस ना बाय, तवा मना वाटतं तोच बोलतो," असं त्यांनी मला एकदा चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी काढायची म्हणून मंगळवार दिला. ती तारीख मला तीन आठवडे आधी कळली आणि त्याच शनिवारी माझी बॅच होती. मी शीटमध्ये ओळी टाकल्या. मंगळवारी सकाळी मावशींसाठी प्रार्थना, आणि शनिवारी उपकारस्तुती. आधीच उपकार मानणं आमच्यात नवीन नाही. मिळण्यापूर्वी मिळालं म्हणून आभार मानायचे, त्यालाच विश्वास म्हणतात, असं मी लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे निळी ओढणी घेऊन मी निर्धास्त बोलले, "आज पहाटे प्रभूने मला खात्री दिली. तळवलीच्या आपल्या मावशींची गाठ गेली आहे. त्या बऱ्या झाल्या आहेत." त्या ओळीला नाव दिलं, 'मावशी – अ'.

मग प्लॅनिंगवाली बाई जागी झाली. ऑपरेशन आहे, वय आहे, काही झालंच तर ऐनवेळी कुठे धावायचं? उजेड उतरत चालला होता, ओढणी बदलायचा कंटाळा आला. त्याच खुर्चीत, त्याच ओढणीत, मी आणखी एक मिनिट चाळीस सेकंद बोलले. "आज पहाटे आपल्या मावशींना प्रभूने आपल्या घरी नेलं." हा अपलोड केला नाही, नुसता फोनमध्ये ठेवला. 'मावशी – ब'. शीटमध्येही ओळ टाकली, तारखेचा चौकोन रिकामा ठेवून. एक लेबल पासचं, एक फेलचं. उठून पंखा लावला आणि चहा केला.

ठरलेल्या शनिवारी 'अ' सहा वाजता लागला. सव्वाआठला मला अनोळखी नंबरवरून फोन आला. मावशींचा मुलगा होता. आवाज अजिबात चढवला नाही त्याने, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ताई, तुमी त्या व्हिडिओवाल्या ना? आईचं ऑपरेशन झालं नाय अजून. दवाखान्यात बेड नव्हता, तारीख पुढं गेली, बुधवार दिलाय. आता आई भरलेली बॅग रिकामी करून बसलीय. बोलते, देवानं बाईच्या तोंडून सांगितलं, गाठ गेली. डॉक्टर बोललाय, अजून थांबलं तर माझ्या हातात काय राहनार नाय." पुढे म्हणाला, "आमी तुमच्या देवाला कधी अडवला नाय. पन आईला काय झालं तर मी तुमच्याकडं येईन."

मी आधी व्हिडिओ काढून टाकला. त्याखाली तोवर कितीतरी आमेन जमले होते. मग मावशींचे मेसेज उघडले. सोमवारचा एक होता, अकरा सेकंदांचा. "बाय, माजी तारीक पुढं गेली. बेड नाय बोलले. तवा तुजी परार्थना पन पुढं घे." त्याखाली माझं उत्तर होतं. आमेन, आम्ही प्रार्थना करत आहोत. जोडलेले हात.

मी तशीच तळवलीला गेले. मावशी पलंगावर बसल्या होत्या, चेहरा उजळलेला. दवाखान्यासाठी घेतलेला नवा गाऊन त्यांनी धुऊन दोरीवर टाकला होता, आता घरातच वापरणार म्हणून. दुखणं पार गेलं म्हणाल्या. मी त्यांचे हात धरून सगळं कबूल केलं. पहाट वगैरे काही नसते, मी महिन्याचं एका दुपारी करते, हे तीन आठवड्यांपूर्वी बोलले होते, तुमची तारीख पुढे गेल्याचं मला माहीत नव्हतं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग हसल्या. "तीन आठवडे आदी बोललीस? मंजे त्याला तवाच ठावं होतं."

दारात मुलगा उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो बाहेर निघून गेला. माझी कबुलीच त्यांच्या विश्वासाला खतपाणी घालत होती.

घरी येऊन मी पाळकांना फोन केला. ते म्हणाले, "विश्वासाच्या विरुद्ध काही बोलू नका, आणि डॉक्टरांच्या विरुद्धही नको." म्हणजे काय करू, असं विचारल्यावर त्यांनी प्रार्थना करू म्हणून सांगितलं. माझं वाक्य मलाच परत मिळालं होतं. रविवारी मावशींनी उभं राहून साक्ष दिली, गाठ गेल्याची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. उठून दोन वाक्यं बोलायची होती, आणि मी बोलले नाही. सगळे माझ्याकडे वळून कौतुकाने बघत होते, तेवढ्याने मी बसूनच राहिले. या गोष्टीतली मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर याची.

बुधवार तसाच गेला. मुलाने हातापाया पडून पुढचा सोमवार मिळवला. गुरुवारी मी पुन्हा गेले तेव्हा मावशी बसल्या होत्या, पण उशी पोटाशी घट्ट धरून. घाम आला होता. "सैतान परीक्षा बगतो," त्या म्हणाल्या. "तुज्या त्या दिसाच्या बोलन्याला धरून हाय मी."

मी फोन काढला. त्या शनिवारच्या क्लिपा एकाखाली एक दाखवल्या. तोच पडदा, तीच खुर्ची, रंग तेवढे बदललेले. बघा मावशी, एकाच दुपारी केलंय हे सगळं.

"ओढनी बदलली मंजे देव बदलला का?"

मला राग आला. त्यांचा नाही, माझ्याच तोंडच्या वाक्यांनी त्यांना असं बांधून टाकलं होतं की सोडवायला माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, त्याचा. ती दाखवायला मी गेलेच नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते. पण येताना फोन पूर्ण चार्ज करून आणला होता. मी 'ब' लावला आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. त्यातली मी गंभीर चेहऱ्याने सांगत होते की मावशी गेल्या, की त्यांचं दुःख संपलं, की सुकी मासळी विकणाऱ्या त्या साध्या बाईचा विश्वास मोठा होता. व्हिडिओच्या शेवटी मागे शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मावशींनी पूर्ण पाहिला.

"हा कवा केलास?"

"त्याच दिवशी. पहिल्याच्या पाठोपाठ."

"ओढनी पन तीच हाय."

"हो."

"मंजे ज्या तोंडानं बरी केलीस, त्याच तोंडानं मारलीस." त्या रागावल्या नव्हत्या, नीट समजून घेत होत्या. "हा पन त्यानंच सांगितला का?"

"नाही मावशी. दोन्ही मीच बोलले. त्याने काहीच सांगितलं नव्हतं."

आत सुनेने मिक्सर लावला होता, तो थांबला. मावशींनी उशी बाजूला ठेवली. "लय छोटा केलास," त्या म्हणाल्या.

"उजेड जात होता."

त्यांनी मान हलवली, बाजारात कुणी खराब माल दाखवला की हलवत असतील तशी. मग सुनेला हाक मारली, "ती बॅग काड गो." मी फोन परत घेऊन क्लिप पुसायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"पुसू नको. मी जाईन तवा ह्योच लाव. नवा करू नको. ह्यो मी बगितलाय."

सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन मुलाला म्हणाले की गाठ काढली, पण आधी आणायला हवं होतं. मी चार पावलांवर उभी होते. आधी म्हणजे कधी, महिनाभर आधी की पाच दिवसांपूर्वीच्या त्या हुकलेल्या बुधवारी, हे विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही. मुलगाही माझ्याकडे कधी आला नाही. मी त्यांच्या घरी गेले की तो दार उघडतो आणि काही न बोलता आत वळतो. तो आला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

चॅनल बंद केलं. कारण कुणाला सांगितलं नाही. मंडळीत समज आहे की माझी तब्येत बरी नसते.

आता रोज सकाळी सहाला मावशींचा फोन येतो. "बोल," एवढंच म्हणतात. मी प्रार्थना करते, तेव्हाच्या तेव्हा, अडखळत, मध्येच शब्द विसरत. कधी मिनिटभर दोघीही गप्प असतो. पुन्हा तपासण्या सुरू झाल्या आहेत, इंजेक्शनं चालू आहेत, आणि त्यांचा आवाज महिन्यामागून महिना बारीक होत चालला आहे. मी पावणेसहालाच उठून फोन समोर घेऊन बसते.

शीट अजून उघडते मी कधीकधी. सगळ्या ओळी हिरव्या आहेत, एक सोडून. तिच्यात विषय भरलेला आहे, ओढणीचा रंग भरलेला आहे, व्हिडिओ तयार आहे. तारखेचा चौकोन रिकामा आहे, आणि सहाला फोन वाजला की तो आणखी एक दिवस रिकामा राहतो.