मसुराच्या सॅलडचा डबा

लाँड्रीत इस्त्री करणारी ती बाई तोंडाने फटकळ, पण हाताने हलकी. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. "दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबून यांचंच काळीज एक दिवस बंद पडायचं," असं ती थट्टेने म्हणायची. एके दिवशी ते काळीज खरंच रुसलं. थोडक्यात निभावलं, पण दवाखान्यातून घरी येताना डॉक्टरांनी तंबी दिली. तळलेलं बंद, लोणी बंद, मीठ जपून.

तिने पदर खोचला. लाँड्रीत एक निवृत्त संगीतशिक्षिका कपडे टाकायला यायच्या. त्यांची तरुणपणातली काही वर्षं फ्रान्समध्ये गेलेली. त्यांनी काउंटरवर कोपर टेकून मसुराचं सॅलड सांगितलं.

"आख्खा मसूर घ्या, बारीक, हिरवट-काळा. शिजला पाहिजे, पण फुटता कामा नये. आणि ड्रेसिंग ओतायचं ते मसूर गरम असतानाच. गार झालेला मसूर काही पीत नाही, नुसता भिजतो."

पहिल्या खेपेला पातेल्यात लापशी झाली. दुसऱ्या खेपेला दाणे दाताखाली खड्यासारखे लागले. पण हार मानेल ती ही कसली! गार पाण्यातच मसूर घालायचा, सोबत तमालपत्र आणि अख्खं गाजर, आच मंद. अधूनमधून एकेक दाणा चावून बघायचा. तोवर बारीक चिरलेला कांदा व्हिनेगरमध्ये टाकून ठेवायचा, म्हणजे त्याचा तिखटपणा मरतो. मग त्यातच मोहरीची पेस्ट, ऑलिव्ह तेल, आणि काट्याने खसाखसा फेटायचं. वाफाळत्या मसुरावर ते ओतलं की स्वयंपाकघरात असा आंबटसर वास सुटायचा की तिची तिलाच भूक लागायची.

नवऱ्याने पहिला घास घेतला आणि मान डोलावली. "झकास! रोज दे डब्यात."

तेव्हापासून ती रोज पहाटे उठून मसूर शिजवू लागली. संध्याकाळी लेक ऑफिसातून आली की विचारायची, "आई, बाबांनी डबा संपवला का?" कुरकुरीत तळलेले बटाटे म्हणजे तिचा जीव की प्राण, तेही तिने सोडले. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुला कुठे पथ्य आहे?" तर ही म्हणाली, "त्यांनी डाळ चिवडायची आणि मी त्यांच्यासमोर मिटक्या मारायच्या? बरं दिसतं का ते?"

पण तपासणीचे आकडे काही उतरेनात. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडेच पाहिलं. "बाई, घरात तेल किती वापरता? पथ्य पाळायचं नसेल तर माझ्याकडे येऊन उपयोग काय?" तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नवरा शेजारीच बसला होता. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला.

घरी येऊन तिने ड्रेसिंगमधलं तेल निम्म्यावर आणलं. मीठ जवळजवळ काढूनच टाकलं. रविवारी थोरली नणंद आली तेव्हा ही तिच्यापुढे रडलीसुद्धा. "ताई, माझ्याच हाताला काही गुण नाही बहुतेक." ताईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "तू आहेस म्हणून तो आहे गं," म्हणाल्या.

ताईंचं घर नवऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्याच गल्लीत. एकदा त्यांचा लोकरी कोट लाँड्रीत धुवायला आला होता. दुपारी काम जरा सैल होतं, म्हणून तिने विचार केला, आपणच नेऊन द्यावा, तेवढंच ताईंना बरं वाटेल. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून लोण्यात परतलेल्या मटणाचा वास आला. तो तिने अंगणातच ओळखला, पण मनात दुसरं काही आलं नाही.

टेबलाशी नवरा बसला होता, हनुवटी तेलाने चकाकत होती. शेजारी तिची लेक. तिचं ऑफिसही तिथून जवळच. ताई तळलेल्या बटाट्यांची परात घेऊन उभ्या होत्या. आणि ओट्याजवळच्या कचऱ्याच्या बादलीत, अंड्यांच्या टरफलांवर, सकाळचा मसूर पडला होता. रिकामा डबा बाजूला धुऊन पालथा घातलेला. रोज तो घरी इतका स्वच्छ कसा येतो, याचं तिला केवढं कौतुक होतं!

ताईंनी परात टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "ये ना, बस. दोन घास खा."

तिने कोट खुर्चीच्या पाठीवर नीट ठेवला, खांद्यावरची सुरकुती सवयीने हाताने सरळ केली आणि ती निघून आली. लाँड्रीत परतून संध्याकाळपर्यंत चादरींना इस्त्री करत राहिली.

संध्याकाळी नवरा दारातच म्हणाला, "तुझं मन मोडवेना गं. इतक्या हौसेने करायचीस."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिले काही दिवस खाल्लं मी. खरंच."

लेक मध्ये पडली. "आई, तुला वाईट वाटू नये म्हणूनच आम्ही..."

"डॉक्टर मला बोलले, तेव्हा कुठे गेली होती ही माया?" तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आवडत नाही म्हणाला असतात तर दुसरं काही केलं असतं. माझ्या हाताला गुण नाही म्हणून मी रडले, ते ताईंच्या खांद्यावर! त्याच खांद्यावर! आणि तू, माझ्या पोटची पोर, तू रोज तिथे जेवून यायचीस आणि संध्याकाळी मला विचारायचीस, आई, बाबांनी डबा संपवला का?"

नवरा पुटपुटला, "एवढं काय, जेवणाचंच तर होतं."

"जेवणाचं असतं तर काय हवं होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती मसूर शिजवायची तो एकटीपुरता. एव्हाना तिला त्याची चव लागली होती, आणि तेल-मीठ आता मनासारखं घालायची. नवरा ओट्याशी घुटमळत म्हणाला, "मला शिकव."

"मसूर बरणीत आहे, पाणी नळाला आहे."

त्याने केलं. लगदा झाला. तो त्याने मुकाट्याने खाल्ला, आणि ती हसलीही नाही. पुढच्या तपासणीला ती गेली नाही. तो एकटाच जाऊन आला आणि दारात चपला काढता काढता म्हणाला, "डॉक्टरांना सांगितलं मी. चूक तुझी नव्हती म्हणून."

"बरं केलंत," ती म्हणाली.

हळूहळू आकडे उतरले. त्याचा मसूरही आता फुटत नाही. ताई दोनदा येऊन रडून गेल्या. तिने त्यांना चहा दिला, बसवलं, बोलली, पण त्यांच्याजवळ सरकून बसली नाही. लेकीशी जरा लवकर जमलं, शेवटी लेक ती. नवऱ्याला मात्र पूर्वी रोज विचारायची, "आज काय जेवलात?" ते तिने बंद केलं. तो खरंच सांगेल, हे तिला पटत होतं. तरी त्याने आपणहून सांगितलं की तिची नजर आपोआप त्याच्या हनुवटीकडे जायची, आणि तसं बघणं तिला स्वतःलाच आवडत नव्हतं.