मेन पाटा तुटला तेव्हा

गाडी कशानं चालते असं विचारलं की सगळे बॉनेटकडं बोट दाखवतात. दाखवू द्या. मी दुसरी इयत्ता पुरी केली नाही, पण आमच्या अँबॅसिडरखाली मी जितका झोपलो तितका घरच्या बाजेवर झोपलो नसेन. खाली झोपल्याशिवाय गाडी कळत नाही.

इंजिन पुढं असतं ते नुसतं फिरवायला. ते एक लांब दांडी फिरवतं, दांडी मागच्या धुऱ्यातला दातेरी चाकांचा गोळा फिरवते, आणि जोर लावतात ती मागची चाकं. आता हा जोर गाडीला पोचतो कुठून? पाट्यांमधून. धुऱ्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पाट्यांची एकेक थप्पी असते, यू बोल्टनं आवळलेली. त्यातला सगळ्यात वरचा तो मेन पाटा. त्याच्या पुढच्या टोकाला डोळा असतो, आणि त्या डोळ्यातून पिन घालून तो गाडीला अडकवलेला असतो. मागचं टोक शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर लोंबतं, त्याला हलायची मुभा आहे. पुढच्या डोळ्याला नाही. लोकांना वाटतं पाटे म्हणजे गचके खायला. गचके तर खातातच, पण चाकांनी मारलेला रेटा गाडीला देणारेही तेच. पुढचा डोळा गेला की चाक एकीकडं आणि गाडी एकीकडं.

हे मी माझ्या थोरल्या भावाला किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. दादा शेती बघायचा, मी गाडीवर सवाऱ्या मारायचो. त्याचं सगळं ज्ञान बैलगाडीचं. मी धुरा दाखवला की हसायचा.

"बैल कदी गाडीच्या मागं जुपत्यात का रं? चल, डायवरसायेब, भाकर खा."

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या भागात, म्हणजे सोनईच्या पूर्वेला, विहिरींचे तळ दिसायला लागले. कडबा संपला. गावानं एकेक करून जनावरं छावणीत नेली. दादानं आमची खिलारी जोडी नेली नाही. गोऱ्हे असल्यापासून त्यानं ती वाढवलेली. वहिनी सांगून थकल्या, तेव्हा म्हणाला, "छावनीतला बैल म्हंजी दवाखान्यातला मानूस. यील तवा यील. माजी जोडी दावनीलाच ऱ्हाईल." तेवढी एकच गोष्ट त्यानं त्या वर्षी धरून ठेवली होती. बाकीचं सगळं सोडून दिलं होतं.

गुरुवारी मी शिर्डीची सवारी न्यायचो. त्या बाजूला पाटपाणी होतं, ऊस होता, आणि उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, चाऱ्याला मिळायचं. एका गुरुवारी दादा माझ्याबरोबर आला. भक्त मंडळी देवळाशी उतरवली, ती मुक्कामाला राहणार होती. आम्ही मळ्यात गेलो. मी आधीच सांगितलं होतं, डावा पाटा कुरकुरतोय, डिकी आणि मागची सीट, त्याच्यावर एक पेंढी नको. डिकी भरली, सीट भरली, गाडी ढुंगणावर बसली. दादा लांब उभा राहून बघत होता.

"गाडी उलाळ झाली," तो म्हणाला. बैलगाडीत मागं वजन जास्त झालं की ती उलाळ होते, जू वर उचलतं. "म्होरं वजन पायजे, बैलाच्या मानंवर."

मी हात धुऊन येईपर्यंत या माणसानं बॉनेटवर वाढ्याचे भारे बांधलेले!

"दादा, मला रस्ता कसा दिसनार?"

"मी सांगतो की. डावं, उजवं."

मी चावी खिशात घालून बांधावर बसलो. मळेवाला पोट धरून हसत होता. शेवटी बॉनेटवरचे भारे निघाले, आणि माझी पाठ वळली तशी टपावर चढले. रस्त्याला लागल्यावर वर सळसळ ऐकू आली तेव्हा मला कळलं. थांबलो असतो तर भांडणात दिवस गेला असता. शिव्या घालत चालवत राहिलो, आणि तो मुकाट ऐकत राहिला. काम साधलं की दादा नेहमीच मुकाट ऐकायचा.

राहुरी सोडून सोनईच्या रस्त्याला लागलो. तिथं दुष्काळी कामावर खडी पसरलेली, रोलर फिरलेला नव्हता. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि खालून बंदुकीसारखा आवाज आला. गाडी डावीकडं बसली, चाक सरकून मडगार्डला घासायला लागलं. मी खाली शिरलो. मेन पाटा पुढच्या डोळ्यापाशीच तुटला होता. नेमका तिथंच.

खडीवरच्या बायका हातोड्या थांबवून बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "काय रं, गाडीबी दुस्काळानं बसली का?" दुसऱ्या कुणी हसलं नाही.

जवळच्या वस्तीवरून बाभळीचा ठोकळा मागून आणला, पाटा आणि बॉडीच्या मध्ये ठोकला. भाऱ्यांचे दोर सोडून धुरा पुढून-मागून आवळला. मग दादाला म्हणालो, "आता निम्मा माल हितं उतरवायचा. सगळ्यासकट निगालो तर दोर तुटल, मग गाडीबी न्हाई आन् वाढंबी न्हाई."

"हळू चालव की."

"हळूचा सवाल न्हाई. दोराचा हाय."

माझ्याकडं बघत त्यानं एकेक भारा उतरवला आणि रस्त्याच्या कडेला रचला. तो राखणीला बसला. मी बैलगाडीच्या चालीनं गाडी घरी नेली, माल उतरवला, दोर पुन्हा आवळला आणि तशीच माघारी आणली. दिवस कलला होता. दादा त्याच जागी बसलेला होता. भारे नव्हते. खाली नुसता पाचोळा आणि शेण.

छावणीकडं निघालेली जनावरं त्या रस्त्यानं आली होती. कुठली कुठली, लांबची.

"हाकललं न्हाईस?"

"कुनाला हाकलू?" दादा म्हणाला. "काठी उचलली हुती. बरगड्या दिसत हुत्या रं. एका गाईला तर उभं ऱ्हाताबी येत न्हवतं, बसून खाल्लं तिनं."

"आन् आपल्या जोडीनं काय खायाचं?"

"निम्मं गेलंय ना घरी." मग म्हणाला, "उतरवलं नसतं तर समदं गेलं असतं."

निम्मं पुरलं नाही. गाडी उभीच. नगरच्या पाटेवाल्याकडं ट्रकांची रांग होती, दुष्काळात सगळीच वाहनं जास्तीचं ओझं वाहत होती. नवा मेन पाटा बसेपर्यंत एक बैल दावणीला असा बसला की सकाळी उचलून उभा करावा लागला. दादानं वहिनींना एवढंच सांगितलं, चालत्यात तवर नेतो. आणि घोडेगावच्या बाजाराला जोडी विकायला घेऊन गेला.

लोक अजून मला म्हणतात, भारे रस्त्यात उतरवून तू दादाची जोडी घालवलीस. म्हणू देत. तो दोर सगळं वजन घेऊन खडीवर टिकला नसता, हे मी आजही कुणाच्या तोंडावर सांगेन. पाटा काय असतो ते मला माहीत आहे, त्यांना नाही.

बाजार उठला तेव्हा मी गाडी घेऊन दादाला आणायला गेलो. तो मोकळ्या हातानं रस्त्याच्या कडेनं चालत येत होता. मी गाडी त्याच्या शेजारी घेतली, दार उघडलं.

"बस, दादा."

"जा तू म्होरं," तो म्हणाला. "तुज्या पाट्याला वजन हुईल."

मी दार लावून घेतलं. पुढं मात्र गेलो नाही. पहिल्या गियरमध्ये त्याच्या शेजारून गाडी चालवत राहिलो, गाव येईपर्यंत. त्यानं एकदाही मान वळवली नाही.