शहाबादी फरशी आणि यमूची ठुशी

आमच्या जव्हारच्या घरात शहाबादी फरशी बसवली, तेव्हा फरशीत खोट नव्हती. चुन्यात नव्हती, गवंड्यात तर नव्हतीच. खोट शोधायचीच तर जरा वर बघावं लागेल. साधारण माझ्या टोपीखाली.

संस्थानच्या काळातली गोष्ट. मी दरबारच्या कचेरीत कारकून. घरात आई, मी आणि धाकटी बहीण यमू. वडील गेल्यापासून यमूचं लग्न ही माझी जबाबदारी होती (म्हणजे होती आईची, मी चारचौघांत ‘माझी’ म्हणायचो). आदल्या वर्षी एक बाई यमूला बघून गेल्या. स्वयंपाकघरात नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर बसल्या, आणि उठल्या तेव्हा त्यांच्या रेशमी लुगड्यावर मागच्या बाजूला शेणाचा हा एवढा नकाशा! नकार आला.

“जमिनीनं घात केला रे,” आई म्हणाली.

“मग जमीनच बदलू!” मी म्हणालो.

(असली वाक्यं मी भरपेट जेवल्यावर बोलतो. उपाशी असलो की माझी अक्कल बरी चालते.)

फरशी इगतपुरीपर्यंत आगगाडीनं आली. तिथून पुढं मोखाड्यावरून बैलगाडीनं, गचके खात खात. काही लाद्या वाटेतच कामी आल्या. आता त्र्यंबकची मंडळी यमूला बघायला यायची होती आणि त्याआधी सगळं वाळायला हवं होतं. अडचण एकच होती. स्वयंपाकघरातलं आईचं कपाट!

सागवानी, तारेच्या जाळीच्या दारांचं. वडिलांनी हौसेनं करवून घेतलेलं. माळ्याच्या खाली असं ठासून बसवलेलं, की वर जेमतेम बोटभर फट आणि दारांखालीही तेवढीच. आत लोणची, पापड, मेतकूट. सगळं सोवळ्यातलं.

“आई, कपाट रिकामं करून बाहेर काढावं लागेल.”

“परक्याचा हात लागला तर लोणचं नासतं, आणि तुझा लागला तर संपतं. कपाट हलायचं नाही!”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कपाटाखालची जमीन बघतंय कोण? कपाट तिथंच ठेवायचं आणि लाद्या त्याच्या पायाशी आणून थांबवायच्या! जामसरचा सखाराम गवंडी खूश झाला. “झकास, भाऊ! तेवढ्या लाद्या वाचल्या का नाय!” आम्ही दोघांनी एकमेकांच्या हुशारीवर पान खाल्लं.

खाली चुन्याचा थर, वर लादी. जमीन आरशासारखी झाली आणि चांगली दोन बोटं वर आली. चुना वाळेपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही असा मी हुकूम काढला. आई मागच्या पडवीत तीन दगड मांडून रांधू लागली आणि मी उंबऱ्यावर बसून, शिवाजी महाराजांच्या मुक्कामाचा शिरपामाळ दाखवावा तशी, येणाऱ्याजाणाऱ्याला फरशी दाखवू लागलो.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आतून आईची हाक आली.

“दामू, कपाट उघडत नाही रे.”

“जरा जोरात ओढ.”

“ओढूनच हाक मारली ना तुला!”

मी वाकून बघितलं. फरशीची कड दारांना पुढून घट्ट अडवून उभी होती. कपाट पुढं ओढावं तर फरशी. वर उचलावं तर माळा. दारं काढावीत तर बिजागऱ्या आतून! माझ्या बापाचं कपाट मी त्याच्याच घरात पुरलं होतं, फक्त डोकं तेवढं वर ठेवलं होतं.

“असू दे गं. एक दिवस लोणच्यावाचून कोण मरतंय?”

“लोणचं नकोय, मेल्या! ठुशी हवीय!”

“ठुशी? कपाटात?”

“मेतकुटाच्या डब्यात. घर दिवसभर उघडं पडणार होतं ना, म्हणून. सोवळ्यातल्या डब्याला चोरसुद्धा हात लावत नाही. त्यालाही आई असते!” आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. “एकदा जमिनीवरून नकार आला. आता ओका गळा दाखवून दुसरा घेऊ?”

“दादा, कपाट फोड,” यमू म्हणाली.

“खबरदार! ह्यांची आठवण आहे ती!”

“मग लादी फोड.”

“खबरदार!” हे मी.

राहता राहिली जाळी. दाराच्या खालच्या कोपऱ्यात ती जरा सुटली होती. मी सपशेल पालथा पडलो आणि हात कोपरापर्यंत आत घातला. डबा आडवा झाला, झाकण उडालं, मेतकुटाचा ढग उठला. मी लागोपाठ शिंकत सुटलो, पण ठुशी मुठीत आली! आली, आणि मूठ काही जाळीतून बाहेर येईना.

“मूठ सोड!” आई.

“सोडली तर फळीच्या भेगेतून कपाटाखाली जाईल!”

“मग हात कसा निघणार?”

“तोच विचार करतोय!” (इतका वेळ तो केला नव्हता.)

एवढ्यात ओसरीवर गलका झाला. दुपारी यायची मंडळी सकाळीच टपकली! पुरुष बाहेर बसले आणि मुलाची आई, त्र्यंबकच्या काकू, सरळ आत. आई लुगडं सावरत माझ्यासमोर उभी राहिली. पण मी चांगला लांबरुंद गृहस्थ, कमरेखालचा सगळा तिच्या आडोशाबाहेर.

“हे कोण?”

“हा... आमचा दामोदर.”

“नमस्कार करतो!” मी फरशीवरूनच म्हणालो.

“असू दे हो, इतकं वाकायला नको. पण दुसरा हात कुठाय?”

“कपाटात.”

यमूला बजावलं होतं, नजर खाली ठेवायची. तिनं ठेवली, आणि खाली मी! पिवळाजर्द, शिंकणारा! बिचारी खुदकन हसली, मग तोंडात पदर कोंबून खाली बसली, आणि मग सरळ खोऽ खोऽ. आईनं कपाळाला हात लावला. संपलं सगळं.

काकूंनी वाकून कपाट वरखाली निरखलं.

“फरशी आधी आणि अक्कल मागाहून, होय ना?” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांनी न्हाणीघराचं दार अरुंद करून घेतलं. बंब आत राहिला. अजून आतच आहे. दर दिवाळीला मी त्याला कुंकू लावते!”

आणि त्याही हसायला लागल्या. मग शांतपणे त्यांनी स्वतःच्या गळ्यातली ठुशी काढली आणि यमूच्या गळ्यात बांधली.

“मी मुलगी बघायला आलेय, सोनं नाही. हं, दामोदरपंत, सोडा आता ती मूठ.”

मी सोडली. ठुशी छुन्न करून कपाटाखाली गेली आणि हात सुटला. त्या क्षणी मी खराखुरा नमस्कार केला, दोन्ही हातांनी. आजही त्या माउलीची आठवण आली की हात आपोआप जुळतात. तिनं ठरवलं असतं तर आमच्या घराची शोभा त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर रोज धुतली गेली असती. पुढं लादी उखडून आमची ठुशी निघाली, तेव्हा मी त्यांची परत करायला गेलो. त्या घेईनात. “सुनेच्या गळ्यातलं परत घेतात होय?”

पण ते नंतर. त्या दिवशी निघताना त्या आईला एवढंच म्हणाल्या, “विहीणबाई, मुलगी पसंत आहे. मुहूर्त मात्र लवकरचा धरा हो. दामोदरपंतांनी माजघराला हात घालायच्या आत पोर बाहेर काढलेली बरी!”

लोकांच्या बहिणी रूपावर पसंत होतात, गुणांवर होतात. माझी यमू तर दोन्हींत उजवी. पण तिच्या लग्नाची घाई झाली ती निव्वळ भावाच्या कर्तबगारीमुळे!