सुमीची दुपारची झोप

एखाद्या घरात कुणाला झोप येत नाही हे बाहेर कळलं, की किस्से साठायला वेळ लागत नाही. कारण ज्यांना गाढ झोप लागते, ते सगळे उपाय सांगायला येतात! माझी सुमी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, कोरीटला आली, त्या फाल्गुनात माझी किस्से टिपायची अर्धी वही अशीच भरली.

रात्री तिच्या पायांत गोळे यायचे, छातीत जळजळायचं, बाळ लाथा मारायचं. नंदुरबारची सुईण खातूनबी बैलांच्या दमणीत बसून आली, तिने सुमीला तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "बहन, पेट ठीक है. पर नींद नहीं तो ताकत नहीं. ऐन वक्त पे जोर कहाँ से लाएगी? दोपहर को सुलाओ."

तेव्हापासून सुमीची दुपार राखणं हे माझं एकच काम झालं. आणि ती मोडणं हे बाकी सगळ्यांचं!

*

माझी मोठी जाऊ जमना. तिचा नियम असा, की गरोदर बाईने पडल्या पडल्या कूस बदलायची नाही. उठून बसायचं, मग दुसऱ्या कुशीवर व्हायचं. नाहीतर बाळाला नाळ गुंडाळते म्हणे! एका दुपारी ती शेजारी खाट टाकून पहाऱ्यालाच बसली. सुमीचा डोळा लागून ती जरा हलली, की हिची हाक, "ऊठ! बठ! मंग फिर!"

त्या दुपारी अकरा वेळा, असं वहीत आहे. अकराव्यांदा सुमी बसली ती बसूनच राहिली. "मोठी माय, मी भिंतले टेकीसन झोपस. तू पड जराशी."

जमना पडली आणि लगेच घोरायला लागली!

*

शेजारच्या गंगूबाईला सुमीची फार काळजी. एका दुपारी सुमी खरोखर झोपली होती. मी ओठांवर बोट ठेवून दारात उभी. गंगूबाई माझ्या हाताखालून आत शिरली आणि सुमीला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"झोपेल व्हती का वं? बरं झालं माय! झोप लागनी का नही, ते दखाले वनू मी!"

*

रविवारी जावईबापू आले. नंदुरबार स्टेशनात मालधक्क्यावर कारकून. "हिच्या काळजीने मलाही झोप नाही हो," म्हणाले. मला वाईट वाटलं.

खळ्यात मिरची वाळत होती. वारा फिरला की घरभर ठसका. म्हणून निंबाखालची खाट मी सुमीसाठी ठेवली होती, वर ओलं गोणपाट बांधून. जावई जेवले आणि "जरा टेकतो" म्हणून नेमके तिथेच आडवे झाले. आता जावयाला उठवायचं कुणी? आमच्यात तशी रीतच नाही! सुमी ओसरीत खोकत बसली.

दिवस कलल्यावर त्यांनी आळस दिला आणि बायकोला म्हणाले, "तुझ्या माहेरची झोप काही वेगळीच, नाही?"

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेरच थांबले असते तर काहीतरी बोलले असते.

*

ओटी भरायच्या दिवसापर्यंत सलग चार दुपारी सुमीचा डोळा मिटला नव्हता. चेहरा पांढरा पडला होता. खातूनबीचं बोलणं सारखं आठवत होतं. तिला हिरवं लुगडं नेसवलं, फुलं माळली, झोक्यावर बसवलं. गल्लीतल्या बायका जमल्या. पहिलं गाणं सुरू झालं, जमनाने झोका दिला, आणि तिसऱ्या हेलकाव्याला सुमीची मान कलली. झोपली!

मी सगळ्यांना हात जोडले. बायका गप्प झाल्या. तशी सुमीची पापणी हलली.

"गानं म्हना वं!" जमना दबक्या आवाजात ओरडली. "गानं थांबनं का ती जागी व्हस!"

मग काय! डोहाळ्यांची गाणी संपली. हळदीची, लग्नाची संपली. जात्यावरच्या ओव्या झाल्या, आरत्या झाल्या. स्वयंपाक निवला. बाहेर ताटकळलेले पुरुष दारातून हातानेच 'जेवण?' असं विचारू लागले. काही म्हणता काही उरलं नाही, तेव्हा शाळामास्तरांच्या बायकोने पाढे लावले. बायका तिच्यामागून झोक्याच्या ठेक्यावर म्हणू लागल्या. एकोणतीसचा कुणालाच येईना, म्हणून पुन्हा दोनपासून!

उन्हं उतरली तेव्हा सुमीने डोळे उघडले. गालांवर रंग आला होता. समोर घसा बसलेल्या बायका, हातांत ओटीची तबकं तशीच. तिने पदर सावरला.

"सुरू करा ना वं! कधळनी वाट दखी ऱ्हायनू मी!"